जाहीरनाम्यातली पंचगंगा

यंदा कोल्हापुरात निवडणुकीला उभ्या सगळ्यांच्याच जाहीरनाम्यात ‘पंचगंगा शुद्धीकरण’ आलं म्हणून एका लेखात लेखकांना बरं वाटलंय. मला काय वाटलं नाही, राव. परवा गल्लीत एक उमेदवार आले. विचारलं, शहराचं सांडपाणी वाहणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी नदीत मिसळायचं कधी थांबणार? साहेब हसले, हात जोडले, पुढच्या दारात गेले. मागच्या पोरानं चकचकीत पत्रक हातात कोंबलं. त्यावर निळीशार नदी, बहुतेक परदेशातली! २०१९ च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेलं होतं. तरी घरात आलेल्या तिन्ही पत्रकांत पूररेषेतल्या, म्हणजे पुराचं पाणी पोचतं त्या पट्ट्यातल्या, मातीच्या भरावाबद्दल एक ओळ नाही. का नाही, ते बांधकामवाल्यांना विचारा. आणि आपण सोडलेलं पाणी पुढं इचलकरंजी, शिरोळकडंच जातंय की.