ॲक्टिन ‘हलत नाही’ म्हणे!

परभणी-लातूरकडच्या बायोटेकच्या पोरांमध्ये एक संदेश फिरतोय. विषय क्यूपीसीआरचा, म्हणजे एखादं जनुक पेशीत किती चालू आहे ते मोजण्याचा. त्यात ज्या जनुकाचं प्रमाण स्थिर धरून बाकीच्यांची तुलना करतात, ते रेफरन्स जीन. मजकूर साधारण असा : ‘दुष्काळाच्या ताणावर काम करताय? रेफरन्स जीन म्हणून ॲक्टिन घ्या. हाउसकीपिंग जीन आहे, ताणात हलत नाही. एकच पुरे. सगळ्या पेपरांत तेच असतं. फार तर सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा. जास्त जीन तपासणं म्हणजे पैशाची नासाडी.’

‘ताणात हलत नाही.’ कुणी पाहिलं? हाउसकीपिंग म्हणजे पेशीला रोज लागणारं. रोज लागणं वेगळं आणि रोज तेवढंच लागणं वेगळं. पाणी आपल्यालाही रोज लागतं. मे महिन्यात टँकर आठवड्याने आला तर आपण श्रावणातल्याइतकं वापरतो का? ॲक्टिन हे पेशीच्या सांगाड्याचं प्रथिन. पाण्याचा ताण पडला की पानाची वाढ फार लवकर मंदावते, मग सांगाड्याची मागणी तीच राहील हे गृहीत कसं धरायचं? जीएपीडीएच या दुसऱ्या नेहमीच्या रेफरन्स जीनचंही तसंच. ते साखर फोडणाऱ्या साखळीतलं एन्झाइम, आणि ताणात साखरेचा हिशेबच बदलतो. शिवाय ॲक्टिन हे एक जनुक नव्हे, भावकी आहे. अरॅबिडॉप्सिससारख्या छोट्या रोपातही त्याची 8 चालू जनुकं आहेत. तुमचा प्रायमर (ठरावीक जनुक पकडणारा डीएनएचा छोटा तुकडा) त्यातल्या कुणाला धरतोय, हे आधी सांगा.

चूक किती पडते ते मांडून बघू. समजा तुम्ही तपासताय ते जनुक ताणात अजिबात बदललं नाही, पण ॲक्टिन निम्म्यावर आलं. क्यूपीसीआरमध्ये दर सायकलला प्रती दुप्पट होतात आणि सिग्नल ज्या सायकलला दिसतो तो आकडा म्हणजे सीटी; ॲक्टिनचा सीटी एका सायकलने वाढला. रेफरन्सशी तुलना करणाऱ्या डेल्टा-डेल्टा सीटीच्या सूत्रात तुमचं जनुक आता ‘दुप्पट’ वाढलेलं दिसेल. ॲक्टिन दोन सायकलने सरकलं तर चौपट. आलेख झकास येतो, गाइड खूश होतात. मोंढ्यात काटा मारला तर शेतकरी भांडतो तरी. इथे मापातलं पाप प्रबंधात बांधून ग्रंथालयात जातं.

यावर कुणी म्हणतं, मग 18 एस, म्हणजे रायबोसोमचा आरएनए घ्या. एकूण आरएनएमध्ये रायबोसोमचाच वाटा 80 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे त्याचा सीटी फार लवकर येतो आणि मोजक्या प्रती असलेल्या जनुकाशी त्याची तुलना अवघड होते. त्याला पॉली-ए शेपटी नसते, म्हणून ऑलिगो-डीटीने, म्हणजे ती शेपटीच धरून, केलेल्या सीडीएनएवर (आरएनएच्या डीएनए-प्रतीवर) ते मोजणंच चूक.

‘सगळ्या पेपरांत तेच असतं.’ असतं, खरंय. पण क्यूपीसीआरच्या प्रयोगांसाठीच्या 2009च्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूचना नेमकं हेच बजावतात की रेफरन्स जीन आपल्याच नमुन्यांवर तपासून घ्या, आणि एकच वापरायचा तर तो स्थिर असल्याचा पुरावा द्या.

माझं खरं भांडण इथून पुढे आहे. कुणी तरी ज्वारीची रोपं पीईजीच्या (रोपाला पाण्याचा कृत्रिम ताण देणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात काही तास ठेवतो, पानं घेतो, एक जनुक स्थिर ठरवतो. आपण तेच नाव उचलून मालदांडीच्या शेतात नेतो. आपली रब्बी ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर वाढते. ताण हळूहळू चढतो आणि नेमका पोटरी-फुलोरा-दाणे भरणे या काळात गाठतो. अवयव वेगळा, वय वेगळं, ताणाची चाल वेगळी. कुंडीतल्या पानात स्थिर असलेलं जनुक शेतातल्या मुळात किंवा कणसात स्थिर असेलच असं नाही. तुरीचं तेच, कपाशीचं तेच. दुसऱ्याची यादी उमेदवार निवडायला घ्या, निकाल म्हणून नको. पीपी2ए, युबिक्विटिन, ईएफ-1 अल्फा या इतर नेहमीच्या रेफरन्स जीननाही उमेदवारच समजा.

कुठलं जनुक स्थिर ते ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं थोडक्यात. 2002 साली आलेलं जीनॉर्म जनुकांच्या जोड्या बघतं. एकत्र वर-खाली होणारी दोन जनुकं त्याला स्थिर वाटतात, म्हणून ॲक्टिन आणि ट्यूब्युलिनसारखी एकाच कामाची जनुकं यादीत भरू नका. नॉर्मफाइंडर हे दुसरं सॉफ्टवेअरही सोबत चालवा. क्रम वेगळा आला तर तो दडवू नका. दोन-तीन स्थिर जनुकांचा भूमितीय मध्य माप म्हणून घ्या. प्रायमरची कार्यक्षमता (दर सायकलला नेमक्या दुप्पट प्रती म्हणजे 100 टक्के) 90 ते 110 टक्क्यांत नसेल तर हे सगळं फोलच.

राहिली पैशाची नासाडी. 10 नमुने, 8 जनुकं, प्रत्येकी दोनदा : 160 खळगे. प्रत्येक जनुकाला पाण्याचे (नमुन्याऐवजी नुसतं पाणी टाकलेले) दोन कंट्रोल धरले तर आणखी 16. एकूण 176. 96 खळग्यांच्या दोन प्लेटमध्ये हे बसतं आणि 16 खळगे उरतात.