सुईची भीती एका ओळीत उरकलीत

प्रत्येक फोबिया म्हणजे वेगळा आजार, असं फोबियांच्या नावांवरच्या तुमच्या लेखात जे सुचवलंय ते पटलं नाही. पीनट बटर टाळूला चिकटण्याची भीती म्हणजे आराकिब्युटिरोफोबिया, हे वाचून शेंगाचटणीवर वाढलेल्या आम्हा सोलापूरकरांची करमणूक झाली खरी. पण मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या २०१३ च्या डीएसएम-५ या अमेरिकन पुस्तिकेत अशी लांबलचक नावं स्वतंत्र निदानं म्हणून नाहीत. 'विशिष्ट भीती' हे एकच निदान, आणि त्याचे मोजके प्रकार.

त्यातला रक्त-सुईचा प्रकार मात्र खरंच निराळा, आणि नेमका तोच तुम्ही ट्रायपॅनोफोबिया म्हणून उरकून टाकलात! बाकीच्या भीतीत छाती धडधडते. इथे रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, म्हणून माणूस बेशुद्ध पडतो. लॅबमध्ये रक्त काढताना मी हे नेहमी बघते. रात्रपाळीत यंत्रमाग चालवणारा धट्टाकट्टा गडी, दंडाला रबरी पट्टा आवळला की ओठ पांढरेफटक. सोबतचे म्हणतात, "अंग सैल सोड." अहो, उलट! दुसऱ्या हाताची मूठ, मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद ताठ करायचं, सोडायचं, पुन्हा करायचं, दाब टिकतो. आणि आधी कधी चक्कर आली असेल तर सुई टोचायच्या आधीच सांगा, आम्ही आडवं झोपवूनच रक्त घेतो.