कार्बन सीटपोस्टला ड्रिल लावू नका

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली आणि सायकलवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागला. त्याचा सारांश असा: प्रो रायडरची सायकल फक्त त्याच्यासाठी गुपचूप बनते, दुकानात मिळत नाही, जेमतेम 4 किलोची असते, आत मोटर असते, आणि त्यांचे मेकॅनिक सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या कार्बन फायबरच्या नळीला, भोकं पाडून वजन उतरवतात, तुम्हीही घरी करा. हे वाचून माझ्या भाच्याने ड्रिल मशीन मागितलं. म्हणून आधी शेवटचा मुद्दा घेतो, कारण बाकीच्या थापांनी कुणाचं हाड मोडणार नाही.

हिशेब करा. 6 मिमीचं भोक, नळीची भिंत अडीच मिमी जाड. निघतो तो कार्बन 0.1 ग्रॅमच्या आसपास. दहा भोकं पाडली तर एक ग्रॅम. पाण्याचा एक घोट याहून जड असतो. बदल्यात काय होतं? कार्बनच्या नळीची ताकद अखंड धाग्यांत असते. ड्रिल ते धागे तोडतं, बिट बाहेर पडताना आतले थर सुटतात आणि भोकाच्या काठावर ताण कित्येक पटींनी वाढतो. सीटपोस्टवर सगळ्यात जास्त ताण क्लॅम्पच्या (फ्रेममध्ये ती आवळून धरणाऱ्या कडीच्या) जरा वर येतो, आणि लोक भोकं नेमकी तिथेच पाडतात. अ‍ॅल्युमिनियम बऱ्याचदा आधी वाकून इशारा देतं. कार्बन तडकन तुटतो आणि तुटलेलं धारदार टोक बसणाऱ्याच्या खाली उरतं. भोक पाडून झालं असेल तर इपॉक्सी भरून उपयोग नाही, तुटलेले धागे जुळत नाहीत. ती सीटपोस्ट टाकून द्या.

प्रो मेकॅनिक असलं काही करत नाहीत, त्यांना परवानगीच नाही. यूसीआय, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटना, नियमांसोबत जी खुलाशाची पुस्तिका देते, तिच्यात स्पष्ट म्हटलंय की उत्पादकाने दिलेल्या वस्तूत फेरफार करायचा नाही. सूट आहे ती सीटपोस्ट आणि टाइम ट्रायलच्या (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीच्या) हँडलचे पुढचे दांडे लांबीला कापण्यापुरती. मेकॅनिक सीटपोस्टला हात लावतात, यात खरं असेल तर एवढंच. तेही कापायचं तर टेप गुंडाळून, बारीक दात्यांच्या करवतीने, तोंडाला मास्क लावून. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: खालून कापलं की सीटपोस्टवरची 'किमान इथपर्यंत आत' ही रेघ खोटी ठरते. कंपनीने सांगितलेली लांबी नव्या टोकापासून मोजून फ्रेमच्या आत ठेवा. क्लॅम्पचा बोल्ट त्यावर छापलेल्या टॉर्कएवढाच, म्हणजे पिळाच्या जोराएवढाच, आवळा (बहुधा 5 न्यूटन मीटरच्या आसपास), आणि ग्रीसऐवजी कार्बन पेस्ट (नळी घसरू न देणारा खरखरीत लेप) लावा.

आता "दुकानात मिळत नाही". यूसीआयचा नियम 1.3.006 वाचा. सायकल आणि तिचे भाग कुणालाही विकत घेता येतील असेच हवेत. प्रोटोटाइप, म्हणजे अजून बाजारात न आलेला नमुना, चालतो, पण आधी परवानगी काढून, आणि पहिल्या वापरापासून 12 महिन्यांत तो बाजारात आणायच्या अटीवर. फ्रेमचं मॉडेलही यूसीआयने मंजूर केलेलं लागतं, ही पद्धत 2011 पासूनची आहे. रायडरच्या मापाचं जे काही होतं ते स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा भाग), हँडलची रुंदी, क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी, सॅडल यांच्या निवडीतून. एकेकाळी खास बांधून घेतलेल्या फ्रेमा सर्रास होत्या, हे मान्य करावं लागेल. स्पॅनिश रायडर मिगेल इंदुराइनच्या, पिनारेल्लो या कंपनीचं नाव असलेल्या फ्रेमा दारिओ पेगोरेत्ती हे कारागीर बांधायचे. पण ते स्टीलचं युग होतं, तीस वर्षांपूर्वीचं.

4 किलो? किमान वजन 6.8 किलो, 2000 सालापासून. बाटल्या आणि कॉम्प्युटर काढून. हलकी सायकल भरतीला आणायला संघांना धातूचे तुकडे आत बसवावे लागलेत. आजच्या डिस्क ब्रेकच्या बऱ्याच रेस सायकली तर 7 किलोच्या आसपास भरतात.

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत मोटर एकदा सापडली, हे खरं. जानेवारी 2016, बेल्जियममधलं झोल्डर, बेल्जियन रायडर फेम्के व्हान डेन ड्रिशच्या राखीव सायकलमध्ये. ती सायक्लोक्रॉसची (चिखल-अडथळ्यांतल्या शर्यतीची) जागतिक स्पर्धा होती, रोड रेस नव्हे. सहा वर्षांची बंदी आणि 20,000 स्विस फ्रँक दंड झाला. आता चुंबकीय स्कॅन आणि एक्स-रेने सायकली तपासल्या जातात. त्या एका प्रकरणावरून प्रत्येक सायकलमध्ये मोटर असते असं म्हणणं सरळ खोटं आहे.