‘मराठी तर घरी येतेच’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

शाळाप्रवेशाचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरू लागतो. मराठी मूल घरी शिकतेच, ती शाळेत कशाला; इंग्रजी माध्यम जितके लवकर तितके चांगले; गणित-विज्ञान मराठीत नीट शिकवताच येत नाही; आणि व्यवहारात मराठीचा काही उपयोग उरलेला नाही, असे त्याचे सार असते. तो पुढे पाठवणारे पालक बहुधा काळजीपोटीच पाठवतात, म्हणून त्याची थट्टा करण्यापेक्षा त्यातला एकेक दावा तपासणे बरे.

पहिला दावा सर्वांत पटणारा आहे आणि सर्वांत फसवाही. घरी येणारी मराठी ही ‘दप्तर उचल’, ‘जेवायला चल’ अशा, समोर दिसणाऱ्या गोष्टींना चिकटलेल्या वाक्यांची असते. शाळेला हवी असते ती ‘कारणे द्या’, ‘फरक स्पष्ट करा’ या प्रश्नांना उत्तर देणारी भाषा. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली या दोहोंतला भेद मांडला: नव्या भाषेत बोलण्याचा सराव मुलांना साधारण दोन वर्षांत होतो, अभ्यासाची भाषा अंगवळणी पडायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात. अंगणातले डबके का आटले, असे विचारल्यावर पहिलीतले मूल ‘ऊन लागलं म्हणून’ असे सांगते. तिथून ‘पाण्याची वाफ झाली’ आणि पुढे ‘बाष्पीभवन’ इथवर पोहोचायला त्याला पुन्हापुन्हा बोलते करावे लागते, त्याचे चुकीचे उत्तरही ऐकून घ्यावे लागते. हा प्रवास घरात कानावर न पडणाऱ्या भाषेत सुरू केला, तर मूल इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग घोकते, डबक्याचा विचार तिथेच राहतो आणि त्याची मराठीही सहा वर्षांच्या वयाचीच राहते.

दुसऱ्या दाव्यात इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतून शिकणे यांची गल्लत आहे. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नसावे. नायजेरियातील इफे येथे १९७० मध्ये एक प्रयोग सुरू झाला. त्यात मुलांना प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा या त्यांच्या भाषेतून शिकवले आणि इंग्रजी हा विषय ठेवून त्यासाठी वेगळा शिक्षक दिला. ही मुले मधूनच इंग्रजी माध्यमाकडे वळवलेल्या मुलांच्या तुलनेत इतर विषयांत पुढे राहिलीच, शिवाय इंग्रजीतही मागे पडली नाहीत. त्या वेगळ्या शिक्षकाला मी फार महत्त्व देतो. आपल्याकडे लहान गावांतील कितीतरी ‘इंग्लिश मीडियम’ वर्गांत धडा मराठीतच समजावला जातो आणि उत्तर तेवढे इंग्रजीत फळ्यावरून उतरवून घेतले जाते. फी मात्र इंग्रजीची असते.

गणित-विज्ञानाबद्दल थोडक्यात. ‘समद्विभुज’ हा शब्द फोडला की त्रिकोणाची व्याख्या हाती येते. ‘आयसोसेलिस’ मराठी मुलाला फोडता येत नाही. काही पारिभाषिक शब्द जड आहेत, हे मान्यच. पण पाठ्यपुस्तकांनीही ऑक्सिजनला ऑक्सिजनच म्हटले आहे, तेव्हा भीतीचे कारण नाही. मराठी शाळेत शिकलेल्या थोर शास्त्रज्ञांची यादी इथे देण्याचा प्रघात आहे. मी ती देणार नाही, कारण असामान्य माणसांवरून कोणत्याही माध्यमाची योग्यता ठरत नसते.

उपयोगाचे म्हणाल, तर वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा, त्यावरचे फेरफार आणि पोटखराब्याची, म्हणजे लागवडीस अयोग्य भागाची, नोंद, ग्रामसभेचे इतिवृत्त हे सारे मराठीत असते. १९९८ च्या अधिसूचनेनुसार राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषाही मराठी आहे. ही कागदपत्रे वाचता न येणारा पदवीधर आपल्याच गावात दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत बसतो, आणि ग्रामसभेत बोलायला उठण्याचे तर तो टाळतोच.

संदेशात नसलेली एक गोष्ट मात्र आपण मराठीचे कैवारीही सोयीस्करपणे विसरतो. मेळघाटातील कोरकू, गडचिरोलीतील गोंडी किंवा नंदुरबारकडील भिली बोलणाऱ्या मुलाला पहिलीच्या वर्गात परकी वाटणारी भाषा असते ती आपली मराठीच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिक्षण द्यावे असे म्हटले आहे, आणि ते या मुलांनाही लागू आहे. गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी शाळा सुरू केली. तिथे मुले सुरुवात गोंडीतून करतात आणि मराठी-इंग्रजीही शिकतात.