फिजीची रग्बी आणि ‘रक्तातला खेळ’

ऑलिंपिक जवळ आले की फिजीविषयीचा एक मजकूर मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : जेमतेम नऊ लाख लोकवस्तीच्या या बेटांवरचे लोक जन्मजात रग्बीपटू आहेत, तो खेळ त्यांच्या रक्तातच आहे आणि दुसरा खेळ त्यांना ठाऊक नाही, २०१६ मध्ये एका इंग्रज प्रशिक्षकाने या रांगड्या गावकऱ्यांना हाताशी धरले आणि चमत्कार झाला, हे सारे पैसा व सुविधा नसताना घडले, तेव्हा आपल्या खेळाडूंनी सुविधांचे रडगाणे गाऊ नये. यातील लोकसंख्येचा आकडा साधारण बरोबर आहे. बाकीच्या विधानांकडे एकेक करून पाहिले पाहिजे.

‘रक्ता’च्या दाव्याला उत्तर देण्यासाठी ऑगस्ट २०१६ मधील लागोपाठचे दोन दिवस पुरेसे आहेत. ११ ऑगस्टला रिओमध्ये फिजीने सेव्हन्स, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या, रग्बीच्या अंतिम सामन्यात ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे हरवून देशाचे पहिले ऑलिंपिक पदक मिळवले, आणि तेही सुवर्ण. त्याच्या आदल्याच दिवशी, त्याच ऑलिंपिकमध्ये, फिजीचा फुटबॉल संघ जर्मनीकडून ०-१० असा हरला होता. बेटे तीच, माणसेही तीच. मग रक्ताचा प्रभाव एका रात्रीत बदलला असे म्हणायचे काय? शिवाय सात खेळाडूंच्या रग्बीचा जन्म फिजीत नव्हे, तर १८८३ मध्ये स्कॉटलंडमधील मेलरोझ गावी झाला. पंधरा जणांसाठी आखलेल्या मैदानावर सातच जण खेळत असल्यामुळे या प्रकारात मोकळी जागा हेरणे, पकड बसत असतानाच एका हाताने चेंडू सोबत्याकडे सरकवणे आणि पुन्हा धावत सुटणे यांना सर्वाधिक किंमत असते. ही शिकून येणारी कौशल्ये आहेत. फिजीची मुले ती गावच्या मैदानावर, समुद्रकाठच्या वाळूत, चेंडू नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीने खेळत लहानपणापासून घोटतात. पुढे शाळांची ‘डीन्स’ स्पर्धा, गावोगावच्या सेव्हन्स स्पर्धा, पोलीस आणि लष्कराचे संघ अशा चाळण्यांतून ती वर येतात. फिजी रग्बी युनियनची स्थापना १९१३ ची आहे. शंभर वर्षे चाललेल्या या मेहनतीला ‘उपजत देणगी’ म्हणणे वरकरणी कौतुकाचे वाटते, पण त्यात त्या मेहनतीचे श्रेय काढून घेतले जाते. सामन्यापूर्वीचे आवेशपूर्ण युद्धनृत्य पाहून हा समज बळावत असावा. परंतु ‘थिंबी’ हे नृत्य संघाने मैदानावर आणले ते १९३९ च्या न्यूझीलंड दौऱ्याच्या निमित्ताने, कर्णधार जॉर्ज थाकोम्बाऊ यांनी बाऊ बेटावरील जाणत्यांकडून ते मुद्दाम मागून घेतल्यावर. त्या दौऱ्यात संघ एकही सामना हरला नाही.

‘दुसरा खेळ ठाऊक नाही’ हे विधान भारतीय वाचकाने तरी पुढे पाठवू नये. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय गिरमिटिया मजूर फिजीतील उसाच्या मळ्यांवर नेण्यात आले, आणि त्यांच्या वंशजांनी जो खेळ आपलासा केला तो फुटबॉल होय. १९३८ मध्ये सुवा येथे स्थापन झालेल्या संघटनेचे नावच ‘फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन’ असे होते. तेव्हापासूनची आंतरजिल्हा स्पर्धा आजही गाजते आणि बा, लौटोका, नांदी, लंबासा या संघांच्या पाठीराख्यांचे हाडवैर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. (नकाशावरील अक्षरे वाचून आपली वृत्तपत्रे ‘नाडी’ छापतात, तिथला उच्चार ‘नांदी’ असा आहे.) रग्बी मूळच्या फिजीयन लोकांची आणि फुटबॉल भारतीयांचा, ही विभागणी वसाहतकाळात दोन्ही समाजांना वेगळे ठेवल्याने घट्ट झाली, पुढे फुटबॉल संघटनेने नावातील ‘इंडियन’ काढून सर्वांना दार उघडले. फिजीच्या फुटबॉल संघाने १९८८ मध्ये नांदी येथे ऑस्ट्रेलियाला १-० असे हरवले होते. कोलकात्याच्या एटीके संघाकडून २०१९-२० च्या इंडियन सुपर लीगमध्ये पंधरा गोल करणारा रॉय कृष्णा लंबासाचा, आणि २००४ मध्ये टायगर वूड्सला मागे सारून जागतिक क्रमवारीत पहिला आलेला गोल्फपटू विजय सिंग लौटोकाचा. महिलांमध्ये नेटबॉल लोकप्रिय आहे, आणि रग्बीतही त्या मागे नाहीत : टोकियोत त्यांनी ब्रिटनला २१-१२ असे हरवून कांस्यपदक घेतले. मजकुरात त्यांचा उल्लेखही नसतो.

इंग्रज प्रशिक्षकाचे, म्हणजे बेन रायन यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. खेळाडूंचा आहार आणि तंदुरुस्ती यांना त्यांनी शिस्त लावली, सुरुवातीचे काही महिने पगाराविना काम केले, आणि कृतज्ञ देशाने त्यांना जमीनही दिली. मात्र ते २०१३ मध्ये आले, तेव्हा फिजीने सेव्हन्सचा विश्वचषक १९९७ आणि २००५ असा दोनदा जिंकलेला होता. हाँगकाँगची मानाची स्पर्धा तर १९७७ मध्येच. सेव्हन्सच्या वार्षिक जागतिक मालिकेची पहिली सहा विजेतेपदे न्यूझीलंडकडे गेल्यानंतर २००५-०६ मध्ये ती मक्तेदारी मोडली, तीही वैसाले सेरेवी या घरच्याच खेळाडू-प्रशिक्षकाच्या हाताखाली. रायन गेल्यावर टोकियोत पुन्हा सुवर्ण आले आणि पॅरिसमध्ये रौप्य. पॅरिसच्या वेळचे प्रशिक्षक होते रिओचे कर्णधार ओसेया कोलिनिसाऊ. रिओच्या विजयानिमित्त काढलेल्या सात डॉलरच्या नोटेच्या दर्शनी बाजूवरही कोलिनिसाऊच आहेत.

उरला पैशाचा मुद्दा, आणि माझ्या मते या मजकुरातील सर्वांत घातक भाग हाच आहे. पैशाच्या चणचणीने फिजी जिंकत नाही, तर खेळाडू गमावतो. फ्रान्समधील क्लब दरवर्षी तरुणांना घेऊन जातात. जो रोकोकोको आणि सितिवेनी सिविवातू हे फिजीत जन्मलेले दोघे न्यूझीलंडच्या काळ्या जर्सीत नावाजले. टोकियोच्या आधी महासाथीमुळे संघ महिनोन्‌महिने घरापासून दूर राहिला आणि मासळी वाहणाऱ्या मालवाहू विमानातून जपानला पोहोचला. ही हकीगत प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. ती सोसावी लागली, ही गोष्ट सांगायची राहून जाते. उलट उदाहरणही समोर आहे. २०२२ मध्ये ‘फिजीयन द्रुआ’ हा व्यावसायिक संघ ‘सुपर रग्बी’ या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील संघांच्या स्पर्धेत उतरला आणि घरच्या खेळाडूंना मायदेशी राहून नियमित मानधनावर खेळता येऊ लागले. पुढच्याच वर्षी, द्रुआच्या अनेक खेळाडूंना घेऊन, फिजीच्या पंधरा जणांच्या संघाने ट्विकनहॅमवर इंग्लंडला ३०-२२ असे हरवले आणि विश्वचषकात ऑस्ट्रेलियाला २२-१५ असे नमवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध असा विजय त्यांना १९५४ नंतर प्रथमच मिळत होता.