दहा वर्षांचे फोटो, सगळे म्हणे काल रात्रीचे

चाळीस हजार फोटो जुन्या कंप्यूटरवरून नव्यावर आणायचे. रात्रभर कॉपी चालू ठेवायची. सकाळी फोल्डर उघडून तारखेने लावायला जावं, तर शाळेचा पहिला दिवस, कॉलेजची सहल आणि आजोबांची पंच्याहत्तरी, सगळं काल रात्री साडेअकरा ते पहाटे चारच्या दरम्यान उरकलेलं! आणि वर पाटी झळकते, 'स्थलांतर यशस्वी झाले.' डोंबल यशस्वी. घर बदलताना हमालाने पुस्तकांची पानं सुटी करून खोलीभर पसरली, तरी 'पुस्तकं पोचली' म्हणायचं का?

मुळात एका फोटोला तीन-चार तारखा असतात आणि त्यातली नेमकी बिनकामाची समोर धरायची, असा या फाइलींच्या खिडक्यांचा पणच आहे. फाइल तयार झाल्याची आणि फाइल बदलल्याची, या दोन तारखा डिस्कवरच्या. फोटो काढल्याची खरी तारीख फोटोच्या पोटात, एक्झिफ नावाच्या लपलेल्या नोंदीत, 'डेट टाइम ओरिजिनल' नावाच्या खान्यात. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की 'तयार झाल्याची' तारीख कॉपीच्या क्षणाची होते आणि 'बदलल्याची' जुनीच राहते. म्हणजे फाइल जन्माला यायच्या सहा वर्षं आधीच बदललेली! लिनक्सवर साध्या 'सीपी' आज्ञेने कॉपी केलं तर तीही आजची होते. सोबत 'ए' पर्याय लावला तर जुनी टिकते. हे आधी कोण सांगतं? कुणी नाही. तेव्हा हाय खाण्याआधी विंडोजमध्ये यादीच्या रकान्यांवर राइट-क्लिक करा आणि 'डेट टेकन' हा रकाना दिसायला लावा. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोंची तारीख बहुधा तिथे शाबूत असते.

बहुधा. कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोला एक्झिफ नसतंच, ते वाटेत काढून टाकलेलं असतं. त्याची तारीख उरते फक्त फाइलीच्या नावात, आणि तीही फोटो काढल्याची नव्हे, तुमच्यापर्यंत पोचल्याची. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर तारीख असलीच तर स्कॅन केल्याची. स्क्रीनशॉटचं काही विचारूच नका. मग सॉफ्टवेअर काय करतं? माहीत नसेल तर गप्प बसावं ना! नाही. शून्य सापडलं की आपली युगारंभाची, म्हणजे त्याची कालगणना जिथून सुरू होते ती, तारीख ठोकून देतं. म्हणून काही फोटो १ जानेवारी १९८० चे निघतात, काही १ जानेवारी १९७० चे. व्हिडिओंची तर कमाल आहे. क्विकटाइम या अ‍ॅपलच्या व्हिडिओ-पद्धतीची कालगणना १९०४ पासून सुरू होते, त्यामुळे तारखेचा खाना रिकामा असलेला मोबाइलवरचा व्हिडिओ थेट १९०४ साली जाऊन बसतो.

व्हिडिओंचा आणखी एक छळ. फोटोच्या एक्झिफमध्ये वेळ लिहितात ती स्थानिक, आणि ती कुठल्या देशातली हे लिहायला जागाच नव्हती. ती २०१६ च्या २.३१ आवृत्तीत आली. एमपी४ आणि एमओव्ही या व्हिडिओ फाइलींमध्ये मात्र नियमाप्रमाणे जागतिक वेळ लिहायची. त्यामुळे तुमचं घड्याळ ग्रीनिचहून जितकं पुढे, तितके तास व्हिडिओ मागे सरकतात. केक कापल्याचे फोटो रात्रीचे आणि त्याच केकचा व्हिडिओ भर दुपारचा. त्यात काही कॅमेरे नियम न पाळता व्हिडिओतही स्थानिक वेळच लिहितात, म्हणजे सरसकट दुरुस्तीचीही सोय नाही. प्रत्येक कॅमेऱ्याचा एकेक व्हिडिओ तपासायचा, मगच एक्झिफटूल या नोंदी बदलणाऱ्या साधनाने त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या व्हिडिओंची वेळ एकदम सरकवायची.

आता कॉपीची भानगड. विंडोजमधली एनटीएफएस पद्धतीने मांडलेली डिस्क मॅकला वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मग लोक मधे दोघांना चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीची डिस्क घालतात. ठीक आहे, पण तिला जर्नल, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंदवही, नाही. 'इजेक्ट' न करता वायर उपटली की गेलं. आणि मॅकने तिला हात लावला की प्रत्येक फोटोशेजारी '._' ने सुरू होणारी चिमुकली फाइल बसते, बऱ्याचदा ४ केबीची. ती डिस्क विंडोजला लावली की फोल्डरात दुप्पट 'फोटो' दिसतात आणि त्यातले निम्मे उघडत नाहीत. लोकांना वाटतं फोटो खराब झाले. झाले नाहीत हो, तो मॅकने सांडलेला कचरा आहे. पण थांबा, डोळे मिटून तोही उडवू नका. मॅकच्या फाइंडरमध्ये, म्हणजे फाइलींच्या खिडकीत, लावलेले रंगीत टॅग अशा डिस्कवर त्याच फाइलींत असतात. टॅग नको असतील तरच झाडू मारा.

सगळ्यात संतापजनक प्रकार फाइंडरचा. विंडोजमध्ये '२०१५' नावाचं फोल्डर दुसऱ्या '२०१५' वर टाकलं की दोन्ही एकत्र होतात. आयुष्यभर ही सवय लागलेला माणूस मॅकवर येतो, तेच करतो, 'रिप्लेस' वर क्लिक करतो आणि आधीचं अख्खं फोल्डर गायब. ट्रॅशमध्येही नाही. त्या शब्दाचा अर्थ तिथे शब्दशः आहे: जुनं काढ, नवं ठेव. ऑप्शन कळ दाबून ओढलं तर 'मर्ज'चा पर्याय येतो म्हणे. ज्या बटणाने वर्षभराचे फोटो नाहीसे होतात ते ढळढळीत समोर, आणि ज्याने वाचतात ते एका कळीमागे लपवलेलं!

आणि एकाच नावाचे फोटो असणारच, कारण कॅमेऱ्याचा आकडा चारच अंकी. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. दोन कॅमेरे आणि दहा वर्षं म्हटल्यावर 'आयएमजी ०४१२' नावाचे पाच वेगवेगळे फोटो सहज निघतात. ते एका फोल्डरात ओतताना 'रिप्लेस' म्हणाल तर चार मेले, 'स्किप' म्हणाल तरी चार राहिले. तिथे 'दोन्ही ठेवा' याखेरीज काही दाबायचं नाही.

मराठीत नावं दिलेल्या फोल्डरांचं दुखणं वेगळंच. 'दुसऱ्या वाढदिवसाचे फोटो' हे साधं नाव घ्या. त्यातला 'ऱ' दोन प्रकारे साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'र' आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तुकडे करते. विंडोज आणि लिनक्स जसं टंकलं तसं ठेवतात, म्हणजे बहुधा एकसंध. अशा जुन्या मॅक डिस्कवरून, ते फोल्डर आधीच असलेल्या लिनक्सवर आरसिंक हे कॉपीचं साधन चालवलं की एकाच नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी उभी. डोळ्यांना फरक शून्य. एक नाव शोधात सापडतं, दुसरं सापडत नाही. आरसिंकच्या 'आयकॉन्व्ह' पर्यायात 'यूटीएफ-८-मॅक'मधून 'यूटीएफ-८'मध्ये रूपांतर करायला सांगितलं की हे टळतं. पण हे माहीत असायला माणसाने किती रात्री जागाव्यात?

इथवरचं सगळं तरी फाइलींचं. खरी लूट पुढे आहे. वर्षानुवर्षं बसून चेहऱ्यांना नावं दिली, अल्बम केले, तारे दिले, ते सगळं फोटोत नव्हतंच! ते होतं त्या प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये. कष्ट तुमचे, वही त्यांची. गूगलचा पिकासा हा फोटोंचा प्रोग्राम २०१६ मध्ये बंद झाला. चेहऱ्यांची नावं फोटोतच लिहायची सोय त्यात होती, पण ती ज्यांनी चालू केली नाही त्यांनी नावं दिलेल्या चेहऱ्यांच्या चौकटी राहिल्या 'पिकासा.इनी' नावाच्या लपलेल्या फाइलींत, ज्या लोकांनी कचरा समजून पुसल्या. मॅकची फोटो लायब्ररी विंडोजवर उघडलीत तर 'ओरिजिनल्स'मध्ये ० ते ९ आणि ए ते एफ अशी सोळा फोल्डरं, आणि आत छत्तीस अक्षरी अगम्य नावांच्या फाइली. म्हणून ती लायब्ररी कधीही नुसती उचलून न्यायची नाही. मॅक हातात आहे तोवरच 'एक्सपोर्ट अनमॉडिफाइड ओरिजिनल'मध्ये जायचं आणि एक्सएमपीच्या, म्हणजे फोटोशेजारी नोंदींची वेगळी फाइल देणाऱ्या, चौकटीवर खूण करायची. त्यातही शीर्षकं आणि कीवर्ड येतात, अल्बम येत नाहीत. ते हवे असतील तर ओएसएक्सफोटोज हे मोफत साधन वापरा. ते अल्बमचं आणि माणसाचं नाव कीवर्ड म्हणून फोटोत लिहून देतं. आणि त्याआधी 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' बंद करून सगळे मूळ फोटो डिस्कवर उतरू द्या, नाहीतर मशीनवर नुसत्या छोट्या प्रतीच असायच्या.

गूगलकडचा आपला डेटा परत देणाऱ्या गूगल टेकआउटने फोटो मागवले तरी डोक्याला तापच. तुम्ही तिथे दुरुस्त केलेली तारीख, जागा, टीप, सगळं फोटोबाहेर, शेजारच्या जेसन नावाच्या नोंद-फाइलीत. नाव लांब असलं की जेसनचं नाव मधेच तोडलेलं. एकाच नावाच्या दोन फोटोंत फोटोचा '(१)' एका जागी आणि जेसनचा भलत्याच जागी, त्यामुळे जोड्या जुळवणारी साधनं तिथेच अडखळतात. वर प्रत्येक अल्बमचं वेगळं फोल्डर, म्हणजे तोच फोटो वर्षाच्या फोल्डरात एकदा आणि अल्बमात पुन्हा. जेसनमधली वेळ जागतिक असते हे विसरलात तर तारखा पुन्हा सरकल्या.

रॉ, म्हणजे कॅमेऱ्याचे कच्चे फोटो ठेवणाऱ्यांनीही फार हसू नये. लाइटरूम आणि डार्कटेबल हे त्यांचे फोटो सुधारायचे प्रोग्राम. लाइटरूम शेजारच्या एक्सएमपी फाइलीचं नाव फोटोच्या नावामागचं प्रकाराचं शेपूट कापून ठेवतं, डार्कटेबल शेपटासकट ठेवतं. तेच एक्सएमपी, तोच फोटो, पण तिथे केलेलं काम इथे अर्धंमुर्धं पोचतं. लाइटरूमचा कॅटलॉग विंडोजवरून मॅकवर नेला की प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह. तिथे घाबरून नव्याने 'इम्पोर्ट' करू नका, सगळं संपादन वेगळं पडेल. सगळ्यात वरच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ते नव्या जागी दाखवून द्या, खालची पिलावळ आपोआप सापडते.

मग करायचं काय? जुनी डिस्क बाजूला ठेवा आणि तिच्यावर काहीही लिहू नका. जुना प्रोग्राम चालू आहे तोवरच त्याच्याकडून कीवर्ड, तारे, नावं फाइलींत लिहून घ्या. हे काम नंतर होत नाही. मग प्रत घ्या. फाइलींची संख्या दोन्हीकडे मोजा, पण '._', डीएस स्टोअर आणि थंब्सडीबी या मॅक-विंडोजने आपोआप टाकलेल्या फाइली वगळून, नाहीतर आकडे जन्मात जुळायचे नाहीत. त्यानंतर आधी तंतोतंत दुबार प्रती काढा, मगच तारखा दुरुस्त करा. हा क्रम उलटा केलात की संपलं: एका प्रतीत एक अक्षर जरी लिहिलं तरी तिचा हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, बदलतो आणि दुबार शोधणाऱ्याला दोन्ही फोटो परके वाटतात. आधीच तसं झालं असेल तर इमेजमॅजिक या चित्रांच्या साधनाची 'सिग्नेचर' फक्त चित्राचे पिक्सेल पाहते, नोंदी नाही. तिने तुलना करा. नुसत्या 'दिसायला सारख्या' फोटोंचं आपोआप पुसणं मात्र कोणत्याही साधनाला सोपवू नका. सलग काढलेल्या दहांपैकी डोळे उघडे असलेला एकच असतो आणि हे दिवटे नेमका तोच उडवतात.

तारखेसाठी आधी 'डेट टाइम ओरिजिनल'. ते नसेल तर फाइलीच्या नावातली, मग जेसनमधली, आणि अगदीच नाइलाज असेल तर 'बदलल्याची'. नाव द्यायचं ते वर्ष-महिना-दिवस, मग तास-मिनिट-सेकंद आणि शेवटी एक क्रमांक, कारण एका सेकंदात चार फोटो निघतात. आयफोनच्या लाइव्ह फोटोची हेइक (फोटो) आणि एमओव्ही (व्हिडिओ) ही जोडी एकाच नावाने हलवा, एक जरी वेगळं झालं तरी जोडी तुटली. आणि एक्झिफटूल प्रत्येक दुरुस्त फाइलीशेजारी 'ओरिजिनल' शेपटाची जुनी प्रत ठेवतं. ते चांगलंच आहे, पण ३०० जीबी फोटोंसाठी तेवढीच जागा आणखी लागते. अर्ध्यात डिस्क भरली की बसा निस्तरत. आधी पन्नास फोटोंच्या प्रतीवर आज्ञा चालवून पाहा.

हे सगळं झाल्यावर नवा प्रोग्राम उघडा, आणि तो मॅकचा 'फोटोज' असेल तर इम्पोर्ट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन 'फोटो लायब्ररीत कॉपी करा' ही खूण काढा. तिच्यावर आधीच टिक मारलेली असते, अर्थातच. ती तशीच राहिली तर इतक्या खपून लावलेल्या फोल्डरांची आणखी एक पूर्ण प्रत तो आपल्या पोटात घालणार, पुन्हा छत्तीस अक्षरी नावांनी. ती काढली की मग तो निवांत फोटो चाळेल, एक चेहरा गोलात कापून समोर धरेल आणि विचारेल, 'ही व्यक्ती कोण?' अरे, मागच्या प्रोग्रामला दोनशे वेळा सांगून झालंय!