खुलासा: तळाशी थर बसलेले प्रत्येक औषध खराब नसते

‘बाटलीच्या तळाशी पांढरा थर दिसला की औषध फेकून द्या’, हा सल्ला सरसकट खरा नाही. आधी लेबल वाचा.

‘सिरप’ किंवा ‘सोल्यूशन’मध्ये औषध पूर्ण विरघळलेले असते, त्यात गाळ दिसला तर देऊ नका, औषध दुकानदाराला दाखवा. ‘सस्पेन्शन’मध्ये मात्र औषधाचे बारीक कण न विरघळता तरंगतात, ते खाली बसणारच. लहान मुलांचे पॅरासिटामॉल बरेचदा असेच असते. न हलवता दिले तर सुरुवातीचे डोस कमी पडतात आणि तळाचे जास्त होतात. खरा धोका हा आहे. म्हणून दर वेळी बाटली नीट हलवा. हलवूनही तळाचा गोळा सुटत नसेल तर ती बाटली वापरू नका. ‘इमल्शन’मध्ये तेल आणि पाणी असते, हलवल्यावर ते एकजीव व्हायला हवे.

सर्वांत जास्त घोळ ‘ड्राय सिरप’चा. नाव सिरप असले तरी अँटिबायोटिकच्या या पावडरीत पाणी घातल्यावर बहुधा सस्पेन्शनच तयार होते. उकळून गार केलेले पाणी खुणेच्या थोडे खाली भरा, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट असेल तर त्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको. 7 दिवसांनंतर उरलेले टाकून द्या.